दूधआईच्या मुलखातील न मोजलेली गाठ : भोर, वेल्हे आणि स्तनांच्या कर्करोगाचा इतिहास

१/
पुणे–सातारा महामार्गावरून भोरकडे वळताना कापूरहोळ लागते. छत्रपती संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे याच गावच्या. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नसल्याने बाळाला दूध पाजण्यासाठी धाराऊंना गडावर बोलावण्यात आले, असे परंपरा सांगते. साडेतीन शतकांनंतरही या मुलखात दूधआईचे नाव आदराने घेतले जाते.

२/
५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाईंचे राजगडावर निधन झाले. गडाच्या पायथ्याशी पाल येथे त्यांची समाधी आहे. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यातले. २०२४ मध्ये शासनाने या तालुक्याला 'राजगड' हेच नाव देण्याचा निर्णय घेतला. गडाच्या माच्या, बुरूज, दरवाजे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. राणीसाहेबांच्या आजाराला मात्र समकालीन साधनांत नाव नाही. त्यामुळे त्याविषयी तर्क लढवणे हा इतिहास ठरत नाही.

३/
विचार करण्याजोगी आहे ती ही रिकामी जागा. स्त्रीच्या दुधाची आठवण समाजाने जपली; तिच्या दुखण्याची नोंद ठेवली नाही. ज्याची नोंद नाही त्याची मोजणी होत नाही, आणि ज्याची मोजणी होत नाही त्यावर उपायही उशिरा पोहोचतो. स्तनांच्या कर्करोगाचा इतिहास हा बऱ्याच अंशी नोंदीचा इतिहास आहे. त्यातील काही महत्त्वाची पाने महाराष्ट्रात लिहिली गेली.

४/
आजार नवा नाही. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस हा सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा लेख. त्यात छातीवरील फुगीर गाठींचे वर्णन आहे आणि त्यावर उपचार नाही, असा निर्वाळाही आहे. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' या विकाराचे वर्णन येते : गोल, स्थिर, खोल मूळ धरलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. ती फारशी दुखत नाही, हे निरीक्षणही तिथे आहे. ही न दुखणारी गाठ पुढे पुन्हा येईल.

५/
कारणांचा शोध मोजणीतूनच सुरू झाला. सन १७००च्या सुमारास इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांच्या लक्षात आले, की मठांतील जोगिणींमध्ये हा आजार इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. मूल होणे, दूध पाजणे आणि हा आजार यांचा काही संबंध असावा, या विचाराची ती सुरुवात होती. १९२६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी रुग्ण स्त्रिया आणि निरोगी स्त्रिया यांच्या आयुष्यांची पद्धतशीर तुलना करून हा विचार शास्त्राच्या चौकटीत आणला.

६/
२००२ मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. म्हणजे दूध पाजण्याने बाळाबरोबर आईलाही लाभ होतो. परंतु 'धोका कमी' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. चार मुलांना अंगावर पाजलेल्या बाईलाही हा आजार होऊ शकतो. 'आपल्याकडच्या बायकांना हे होत नाही' ही समजूत गावोगाव जिवावर बेतते.

७/
उपचारांचा जुना इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. १८११ मध्ये इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांचा स्तन पॅरिसमध्ये भुलीविना काढला गेला. त्या प्रसंगाचे वर्णन त्यांनी बहिणीला पत्राने कळवले. त्याआधी १८०४ मध्ये जपानचे हानाओका सेइशू यांनी वनस्पतींपासून केलेले भुलीचे औषध देऊन अशी शस्त्रक्रिया केली होती. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढून टाकण्याची पद्धत रूढ केली.

८/
हॉल्स्टेड यांची पद्धत सुमारे पाऊण शतक जगभर प्रमाण मानली गेली. तिने अनेकींना जगवले, पण मागे एक भीतीही ठेवली : डॉक्टरकडे गेले की स्तन जाणार. ही भीती शहरांतून गावांपर्यंत झिरपली. गाठ लपवण्यामागे लाज असते तितकेच हे भयही असते.

९/
आता मुंबईकडे. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. घाटावरची आणि कोकणातली माणसे जिथे गिरण्यांत राबत होती, त्याच परळमध्ये हे रुग्णालय उभे राहिले. त्यामुळे 'टाटाला नेले' हे दोन शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत त्या आजाराचेच दुसरे नाव झाले.

१०/
या कथेतील एक महत्त्वाचे नाव पुण्याचे आहे. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तिने जीवशास्त्राची वाट धरली. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत डॉ. वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाच्या संशोधनाकडे वळल्या.

११/
१९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर रणदिवे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी काचपात्रात वाढवण्याच्या तंत्रात गाय यांचे नाव मोठे होते. परतल्यावर रणदिवेंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा काय वाटा असतो, याचा शोध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१२/
पण त्यांची कथा प्रयोगशाळेत संपत नाही. निवृत्तीनंतर त्या सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करू लागल्या आणि तिथल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊ लागल्या. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. त्या संघटनेमार्फत हे काम चालले. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीपासून डोंगरातील बाईपर्यंतचा हा प्रवास एका आयुष्यात झाला.

१३/
दुसरा धागा मोजणीचा. १९५१ मध्ये डॉ. दा. ज. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. ठरावीक लोकसंख्येतील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारी ही भारतातील पहिली व्यवस्था. पारशी स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे, हे या नोंदींतून पुढे आले. उशिरा होणारे विवाह आणि कमी अपत्ये यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. रामाझिनींचे जुने निरीक्षण मुंबईच्या आकड्यांत पुन्हा उमटले.

१४/
मुंबईत रुग्णालये होती, कागद होते. खेड्यात काय? १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील परंडा व भूम अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. बहुतेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव फिरत, लोकांत बसून लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांची विचारपूस करत.

१५/
त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. मोजायला गेलेल्या माणसांच्या बोलण्यामुळे बायका लवकर तपासणीला येऊ लागल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लवकरच्या टप्प्यातील निदान काही वर्षांतच वाढले. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भा. म. नेने यांच्या गटाने हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्र आले नव्हते, नवे औषध आले नव्हते. कुणीतरी ओट्यावर बसून त्या विषयावर बोलले होते, एवढाच बदल.

१६/
तिसरा धागा तपासणीचा. १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या चाचणीने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, मृत्यू कमी करू शकते असे दाखवले. पण हे यंत्र महाग, त्याला तज्ज्ञ हवा, आणि तरुण स्त्रियांच्या घट्ट ऊतींत ते कमी उपयोगी पडते. भारतात अनेक स्त्रियांना हा आजार तुलनेने कमी वयात होतो. मग यंत्राविना काय करता येईल?

१७/
एक उत्तर होते : स्त्रीने स्वतःच तपासावे. शांघायमध्ये कापडगिरण्यांतील २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर याची मोठी चाचणी झाली. २००२ मध्ये निष्कर्ष आले. काटेकोर स्व-तपासणी शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या. म्हणून आज भर ठरावीक कवायतीवर नाही. आपले शरीर नेहमी कसे असते हे ओळखावे आणि बदल दिसताच दाखवावे, यावर आहे.

१८/
दुसरे उत्तर मुंबईने शोधले. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. वस्त्यांचे २० गट केले. त्यांपैकी १० गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हातांनी स्तनतपासणी केली. या सेविका डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या आणि या कामासाठी तयार केलेल्या स्त्रिया होत्या.

१९/
निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के रुग्णांचे निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात झाले होते. तपासणीच्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. ५० वर्षांवरील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र घेतल्यास घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. ५०च्या आतील स्त्रियांच्या मृत्युदरात फरक पडला नाही.

२०/
इतिहास म्हणून या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही चाचणी झाली. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना तपासणी न देणे नैतिक होते का, असा तीव्र आक्षेप त्यावर घेतला गेला. गरीब स्त्रियांच्या शरीरावर ज्ञान मिळवताना त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक प्रामाणिक उत्तर एवढेच असू शकते : मिळालेले ज्ञान त्यांच्यासारख्याच स्त्रियांपर्यंत पोहोचवणे.

२१/
ते पोहोचले का? शासनाच्या २०१६च्या आराखड्यानुसार ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हातांनी स्तनतपासणी व्हायला हवी. गावात आशाताई घरोघरी प्रश्नावली भरतात. उपकेंद्रात प्रशिक्षित परिचारिका तपासते. पण २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ ०.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधी तरी झाली होती. शंभरात एक स्त्रीसुद्धा पुरी नाही.

२२/
२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांत हा आता सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. खेड्यात प्रमाण शहरापेक्षा कमी असते. पण खेड्यातल्या बाईचे निदान उशिरा होते, आणि उशीरच जीव घेतो.

२३/
आता पुन्हा दूधआईच्या मुलखात. २०११च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती. वेल्ह्याची सुमारे ५५ हजार, पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांचे पाणी खोऱ्याखोऱ्यांत पसरलेले. पाण्यापलीकडच्या वाडीतून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत यायचे, तालुक्याला जायचे, तिथून ससूनला. भातलावणीच्या दिवसांत असा एक दिवस काढणे कोणत्या बाईला परवडते? त्यात गाठ दुखतही नाही. सुश्रुतसंहितेतील ते निरीक्षण इथे जिवावर उठते. दुखले असते तर ती गेली असती.

२४/
म्हणूनच मुंबईचा धडा मुंबईपेक्षा वेल्ह्याला अधिक लागू पडतो. दोन हात आणि नीट शिकलेली सेविका डोंगरवाटेने जाऊ शकतात. यंत्र जाऊ शकत नाही. बार्शीचा धडाही तसाच. बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीच्या ओसरीवर, हळदीकुंकवात हा विषय उघडपणे निघाला, तर अर्धी लढाई तिथेच होते. या खोऱ्यांत बायकांचे बचत गट आहेत, आशाताई आहेत. रस्ता तयार आहे. त्यावरून विषय जायचा आहे.

२५/
काय पाहावे? स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे किंवा खळी पडणे. बोंड आत ओढले जाणे. बोंडातून रक्तासारखा स्राव. आकारात अचानक फरक. यातील काहीही आढळले तर दुखण्याची वाट न पाहता दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण हे ठरवायचे काम तपासणीचे आहे, अंदाजाचे नाही. घरात कुणाला नव्हता म्हणून निर्धास्त राहू नये. क्वचित हा आजार पुरुषांनाही होतो. टाळण्याच्या दृष्टीने वजन आटोक्यात ठेवणे, अंगमेहनत, मद्यापासून दूर राहणे आणि बाळाला अंगावर पाजणे यांचा उपयोग होतो.

२६/
आणि ती जुनी भीती? इटलीच्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि अमेरिकेच्या बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की लवकरच्या टप्प्यात केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच आयुष्य लाभते. हॉल्स्टेड यांचा काळ मागे पडला. गाठ लपवल्याने स्तन वाचत नाही. लवकर दाखवल्याने तो वाचण्याची शक्यता वाढते.

२७/
उपचार लांबतात, तेव्हा आधार लागतो. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरेसी लॅसर शस्त्रक्रियेतून उठल्या आणि इतर रुग्ण स्त्रियांना भेटू लागल्या. 'माझेही झाले आहे, मी उभी आहे' हे रुग्णाने रुग्णाला सांगण्याची चळवळ त्यातून जगभर पसरली. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांसाठी काम करते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही रुग्ण आणि नातेवाइकांना निवारा देते. खर्चासाठी २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. कर्करोगाचे अनेक उपचार तिच्यात येतात.

२८/
पण घरचा आधार कोणत्याही योजनेत मिळत नाही. केस गेलेल्या सुनेला पंगतीत शेजारी बसवणे, तिचे ताट वेगळे न करणे, किरणोपचारांच्या आठवड्यांत शेतीची कामे वाटून घेणे हेही उपचारच आहेत. हा आजार स्पर्शाने पसरत नाही आणि कोणत्याही पापाचे फळ नाही.

२९/
सईबाईंच्या आजाराला नाव मिळाले नाही. तो काळ वेगळा होता. आज राजगडाच्या पायथ्याच्या वाडीत एखाद्या बाईच्या हाताला गाठ लागली, तर तिला नाव देणारे शास्त्र आहे, ती ओळखणारे हात आहेत, उपचारही आहेत. राजगड, तोरणा, रायरेश्वर पाहायला दर आठवड्याला शेकडो तरुण या तालुक्यांत जातात. परत आल्यावर त्यांनी घरी आई, काकू, मावशी, आत्या यांना एकच प्रश्न विचारावा : तपासणी कधी झाली? उत्तर 'कधीच नाही' असेल, तर पुढच्या ट्रेकआधी जवळच्या आरोग्य केंद्राची वाट धरावी.